दुकान आपलं आणि गिऱ्हाईकही आपणच! ऑनलाइन माल विकणाऱ्यांना येणाऱ्या फोनमागचा हिशेब

गेल्या महिन्यात आजरा तालुक्यातल्या एका काजू युनिटवर बातमीसाठी गेलो होतो. युनिट काही मोठं नाही. घराला लागून पत्र्याचं शेड, आत काजू फोडणाऱ्या सात-आठ बायका आणि कोपऱ्यात टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेला पंचविशीतला पोरगा. बी.कॉम. झालाय. पुण्याला न जाता घरचा काजू इंटरनेटवर विकतो. मी तासभर बसलो. तेवढ्यात त्याला चार फोन आले आणि त्यातला एकही गिऱ्हाईकाचा नव्हता.

पहिला म्हणाला, "गुगल से बोल रहे हैं, आपकी दुकान का व्हेरिफिकेशन आज रात को बंद हो जाएगा." दुसऱ्या फोनवरच्या बाईने वेबसाइट तीस दिवसांत पहिल्या पानावर आणायची खात्री दिली. तिसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे पोराची सरकारी सबसिडी मंजूर झालेली होती, फक्त फाइलचे ४,९९९ रुपये भरायचे राहिले होते. पोराने अर्जच केलेला नव्हता! चौथा सगळा काजू दुबईला पाठवून देणार होता.

फोन बाजूला ठेवून पोरगा म्हणाला, "काका, रोज असंच असतंय बगा. गिऱ्हाईकाचे फोन दोन, आणि गिऱ्हाईक आणून देतो म्हणणाऱ्यांचे धा."

हे वाक्य डोक्यात घेऊनच घरी आलो. कारण २०२१ साली मी स्वतः असल्याच एका फोनला भुललो होतो. ते पुढे सांगतो.

कोरोनाच्या दोन वर्षांत बाजार बंद पडले आणि आपल्या डोंगराकडच्या तालुक्यांतली बरीच मंडळी ऑनलाइन विक्रीकडे वळली. कुणी घनसाळ तांदूळ, कुणी काजूगर, कुणी काकवी आणि गूळ पावडर, कुणी मध, कुणी नाचणीचे लाडू. सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झाली, मग इन्स्टाग्राम, मग स्वतःची वेबसाइट. व्यापारी म्हणेल त्या दराला माल घालण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, यात वाद नाही. पण दुकान इंटरनेटवर गेलं की दुकानदाराचा नंबरही इंटरनेटवर जातो, आणि तो नंबर माल घेणाऱ्याच्या आधी दुसऱ्याच माणसांच्या हाताला लागतो.

ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, हे एव्हाना आपल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झालंय. ही भानगड वेगळी आहे. इथं तुमच्या खात्यातून कुणी पैसे चोरत नाही. तुम्ही स्वतःच्या हातानं पैसे पाठवता, त्याचं जीएसटीसह पक्कं बिल येतं, अटी मान्य केल्याची खूण तुमच्याच मोबाइलवरून गेलेली असते. मागे एका प्रकरणात मी पोलिस ठाण्यात विचारायला गेलो तर तिथले हवालदार म्हणाले, "पैसे त्यांनीच दिले, बिल बी हाय, काम थोडंफार केलेलं बी दिसतंय. यात गुन्हा काय दाखल करू?" त्यांचंही अगदीच चुकलं असं म्हणता येत नाही. फसवणूक आणि महागात पडलेला सौदा यांच्या मधल्या बांधावर हा सगळा धंदा उभा आहे.

त्यांना आपली माहिती कुठून मिळते?

"त्यांनी माझा जीएसटी नंबर सांगितला, दुकानाचं नाव, गावाचं नाव सांगितलं, मग मला वाटलं खरंच असणार." हे मी आजवर अनेकांकडून ऐकलंय. पण ही माहिती गुप्त नाहीच. जीएसटीच्या पोर्टलवर कुणाचाही नंबर टाकला की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता असं बरंच काही समोर येतं. अन्न परवान्याचा नंबर आपण स्वतःच पाकिटावर छापतो. मोबाइल नंबर गुगलच्या नकाशावर आपणच टाकलेला असतो. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत घेतलं की कित्येकांना दुसऱ्या दिवसापासून "वेबसाइट बनवायची का" म्हणून फोन सुरू होतात. समोरच्याला आपलं नाव-गाव माहीत आहे याचा अर्थ त्यानं आपली पाटी वाचली, एवढाच. एसटी स्टँडवर एखादा अनोळखी माणूस पिशवीवरचं नाव वाचून "काय पाटील, बरं हाय का?" म्हणाला तर आपण त्याला लगेच हजार रुपये काढून देतो का?

भीतीचे फोन

या फोनांचे मला तरी दोनच प्रकार दिसतात. एक भीती घालणारा, दुसरा आशा लावणारा. भीतीचा प्रकार ओळखायला सोपा, कारण त्यातलं बहुतेक सगळं फुकट किंवा अगदी कमी पैशांत होणारं काम असतं.

गुगलच्या नकाशावर दुकानाचं नाव टाकायला आणि ते आपलंच आहे हे पटवून द्यायला गुगल एक रुपयाही घेत नाही. ते काम आपल्याच मोबाइलवरून, आपल्याच ईमेलवरून होतं. कुणी फोन करून "तुम्हाला आलेला कोड सांगा" म्हणाला तर पैसे न देताही नुकसान होतं. तो कोड दिला की नकाशावरच्या तुमच्या दुकानाचा ताबा त्याच्याकडे जाऊ शकतो. मग फोन नंबर बदलून तुमची गिऱ्हाइकं भलतीकडे वळवणं त्याला अवघड नाही.

उद्यम नोंदणीचंही तसंच. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. पण गुगलवर "उद्यम" टाकलं की सरकारी साइटसारख्याच रंगाच्या, अशोकस्तंभासारखं चिन्ह लावलेल्या खासगी साइट दिसतात. त्या दीड-दोन हजार घेतात आणि तेच मोफतचं प्रमाणपत्र काढून देतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, तेवढं बघायचं. जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. सीए किंवा सल्लागार त्याच्या कामाचे पैसे घेतो ती गोष्ट वेगळी. अन्न परवान्यातली सगळ्यात लहान नोंदणी आमच्या भावकीतल्या गटानं काढली तेव्हा सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती. त्याच गटाला फोनवरच्या माणसानं साडेचार हजार सांगितले होते, तेही "आज नाही भरले तर दंड लागेल" या धमकीसकट.

"ऑनलाइन विकलं की जीएसटी लागतोच" हेही अर्धसत्य आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नोंदणी लागते, हे खरं. पण मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यात मोठ्या ऑनलाइन बाजारांवरून माल विकायला १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीशिवायही वाट मोकळी झाली आहे. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. फोनवरचा माणूस हे कधीच सांगणार नाही.

अजून एक प्रकार ईमेलवर येतो. इंग्रजीत लिहिलेलं असतं की चीनमधली कुठलीशी कंपनी तुमच्या दुकानाच्या नावाचं डोमेन घ्यायला आली आहे, तुम्ही हरकत घ्या नाहीतर आमच्याकडून ते नाव आधी विकत घ्या. अशी पत्रं जगभरच्या दुकानदारांना गेली कित्येक वर्षं येताहेत. चीनमध्ये कुणालाही आपल्या चटणीचं नाव नको असतं. त्याचीच देशी आवृत्ती म्हणजे "तुमच्या ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क दुसरा माणूस घेतोय, आज अर्ज करा". ट्रेडमार्क ही खरी आणि उपयोगी गोष्ट आहे. एका व्यक्तीनं किंवा लहान उद्योगानं ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी ४,५०० रुपये एका वर्गासाठी, वकिलाची फी वेगळी. पण खरंच कुणी आपल्या नावावर अर्ज केला असेल तर ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर नाव टाकून ते फुकट पाहता येतं. आधी बघा, मग घाबरा.

सबसिडीचा फोन मात्र जास्त वाईट, कारण योजना खरी असते. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, जिला पीएमएफएमई म्हणतात, तीत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. म्हणजे आधी बँक कर्ज मंजूर करणार, मग अनुदान. अर्ज भरून द्यायला कृषी विभागाकडून जिल्ह्यात साधन व्यक्ती नेमलेल्या असतात. फोनवर पैसे भरून ही सबसिडी कुणाला मिळत नाही.

माझे २८,३२० रुपये

आता आशेचा प्रकार. इथं माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी शहाणपण शिकवतोय.

२०२१ च्या डिसेंबरात घनसाळ भरडून घरात होता. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, वास असा की शेजारच्या घरात कळावं आज भात कुठला शिजतोय. पण गावात व्यापारी देतो तोच दर. म्हणून मी एक किलोची पाकिटं करून विकायला लागलो होतो. एके दिवशी फोन आला. घाऊक खरेदीदार आणि विक्रेते जोडून देणारी कंपनी. नाव लिहीत नाही. मुलगी गोड मराठीत बोलत होती, मला "सर" म्हणत होती. आम्हाला आयुष्यात सर कोण म्हणणार? ती म्हणाली, महिन्याला शंभर खरेदीदारांची मागणी तुमच्या मोबाइलवर येईल. वर्षाचं पॅकेज ४० हजार. मी नको म्हटलं. मग तिनं "मॅनेजरला लाइनवर घेते" म्हटलं, मॅनेजरनं माझ्यासाठी म्हणून खास २४ हजार केलं, तेही संध्याकाळी सहापर्यंतच. १८ टक्के जीएसटी धरून २८,३२० रुपये मी पाचला पाठवले. एक तास वाचवला म्हणून खूशही झालो!

पुढचे दोन आठवडे फोन खरंच वाजत राहिला. एक म्हणाला वीस टन पाहिजे. एवढा घनसाळ मी पुढची पंधरा वर्षं पिकवला तरी व्हायचा नाही. बाकीचे म्हणायचे, "सॅम्पल पाठवा." मी स्वखर्चानं अकरा ठिकाणी एकेक किलो कुरिअर केला. एकाचीही ऑर्डर आली नाही. एका खऱ्या खरेदीदाराशी, तो नागपूरचा होता, नीट बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यानं एकदा चौकशी टाकली होती आणि त्याला एका दिवसात चाळीसभर विक्रेत्यांचे फोन आले होते. तो वैतागून कुणाचेच फोन उचलत नव्हता. म्हणजे "तुमच्यासाठी" म्हणून जी मागणी मला विकली होती, तीच इतरांनाही विकलेली होती. फेब्रुवारीनंतर फोन बंद झाले.

पैसे गेल्यावर मी हिशेब मांडला, जो आधी मांडायला पाहिजे होता. व्यापाऱ्याला घालण्यापेक्षा पाकिटातून विकलं तर पिशवी, लेबल, कुरिअर जाऊन मला किलोमागे जास्तीचे तीस रुपये सुटतात. २८,३२० भागिले ३० म्हणजे ९४४ किलो. माझ्या दोन एकरांत भरडून तांदूळ निघतो दहा क्विंटलच्या आसपास. म्हणजे वर्षाचं जवळजवळ सगळं पीक त्या पॅकेजमार्फत विकलं गेलं असतं तरी माझी फक्त बरोबरी झाली असती! हे गणित चौथीच्या पोराला येतं. मला त्या दिवशी आलं नाही, कारण मी शंभर खरेदीदारांचा विचार करत होतो, किलोचा नाही.

पुढे आमच्याच तालुक्यातला एक पोरगा भेटला, जो पुण्यात असल्याच एका कॉल सेंटरात आठ महिने होता. आता गावी दूध संकलन बघतो. त्यानं आतलं सांगितलं. "मॅनेजर" म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा. ४० हजार हा दर कुणाला लावायचाच नसतो, तो सांगायचा असतो. "आजच" का, तर महिन्याच्या शेवटी त्यांचं टार्गेट असतं आणि माणूस रात्री बायकोशी बोलला की सकाळी नाही म्हणतो. त्यांना सगळ्यात नकोसं गिऱ्हाईक कोणतं? शिव्या देणारं नव्हे. "शिव्या देणारा बोलत तरी राहतो," तो म्हणाला. "लिहून पाठवा म्हणणारा माणूस आला की आम्ही फोन सोडून द्यायचो. अन् सगळ्यात सोपा म्हणजे लाजणारा. एवढा वेळ घेतला पोरीचा, आता न्हाई कसं म्हणायचं, असं ज्याला वाटतं तो." मी मान खाली घातली.

पहिल्या पानाचं आमिष याच जातीचं. कुठल्याही शोधात पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलनं स्वतःच आपल्या मदतीच्या पानांवर सांगून ठेवलंय. मग हे लोक दाखवतात कसं? तुमच्याच ब्रँडचं नाव टाकून शोधतात. ते नाव जगात एकाच दुकानाचं, मग ते पहिलंच येणार. ज्याला तुमचं नाव आधीच माहीत आहे तो तुम्हाला शोधणारच होता. खरी परीक्षा अशी: पुण्या-मुंबईतल्या एखाद्या पाहुण्याला सांगा की त्याच्या मोबाइलवर नुसतं "काजू ऑनलाइन" किंवा "सेंद्रिय गूळ" टाकून बघ. पहिल्या पाच पानांत तुमचं दुकान सापडलं तर मला कळवा. शिवाय वर "प्रायोजित" लिहिलेलं असेल तर ती पैसे भरून केलेली जाहिरात, पैसे संपले की जागा गेली. दहा हजार फॉलोअर विकत मिळतात, तेही असेच. त्यातला एकही माणूस आजऱ्याचा काजू खात नाही.

वेबसाइटचा सातबारा

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते शेजारच्या गावातल्या बचत गटाचं. दहा बायका. चटणी, मेतकूट, भाजणी करतात. गटाच्या निधीतून १२ हजार देऊन त्यांनी वेबसाइट करून घेतली. करणारा माणूस वाईट नव्हता, गावात येऊन फोटो काढले, पेढे खाऊन गेला. वर्षानं नूतनीकरणाचे ९ हजार मागितले. बायकांना ते जास्त वाटले, त्या म्हणाल्या आम्ही दुसऱ्याकडून करून घेतो. तेव्हा कळलं की डोमेन त्या माणसाच्या कंपनीच्या नावावर आहे, पासवर्ड त्याच्याकडे, साइटवरचे फोटो त्याच्या खात्यात. अध्यक्ष वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आम्हाला वाटलं पैसे आम्ही दिले म्हणजे घर आमचं. हे तर भाड्यानं राहिल्यासारखं झालं की."

जमीन घेताना आपण काय करतो? आधी सातबारा बघतो. कुणाच्या नावावर, बोजा काय, इतर हक्कात कोण. वेबसाइटलाही सातबारा असतो, पण तो मागायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नाही. डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलंय? साधं डोमेन वर्षाला हजाराच्या आसपास मिळतं, ते स्वतःच्या ईमेलवरून स्वतः घ्यावं आणि मग बनवणाऱ्याला वापरायला द्यावं. गिऱ्हाइकांचे पैसे आधी कुणाच्या बँक खात्यात पडतात? गटाच्या खात्यातच पडले पाहिजेत, मधे कुणी "आम्ही आठवड्याला पाठवू" म्हणायला नको. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते कुणाकडे आहेत? दहा वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकांची वही हीच दुकानाची खरी मिळकत, ती दुसऱ्याच्या कपाटात ठेवून कसं चालेल? या तीन गोष्टी पैसे देण्याआधी कागदावर, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतल्या तरी पुढचे निम्मे वाद मिटतात.

दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी हीसुद्धा अशीच एक न दिसणारी नोंद. "फक्त एक रुपया भरा, खातं तपासायला," असं म्हणून ऑटोपे चालू करून घेतात. १५ हजारांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन लागत नाही. कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो, पण तो वाचतो कोण? आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते. आज संध्याकाळी उघडून बघा, आणि ओळखीचं नाही ते तिथूनच बंद करा.

थेट चोरीचे प्रकारही याच वाटेनं येतात. लष्करी कँटीनसाठी पन्नास किलो काजू पाहिजे, पैसे आगाऊ देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. "तुमचं पेमेंट अडकलंय, हे अ‍ॅप टाका, आम्ही सोडवतो" म्हणणारा तुमची स्क्रीन त्याच्या मोबाइलवर बघत असतो. असं काही झालं तर विचार करत न बसता तासाभरात १९३० ला फोन करायचा. जेवढा लवकर फोन, तेवढी पुढच्या खात्यात पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि एकदा फसलेल्या माणसाला वर्षाभरात दुसरा फोन येऊ शकतो: "तुमचे अमुक कंपनीत अडकलेले पैसे आम्ही काढून देतो, फी चार हजार." मला आला होता. त्याला माझा २८,३२० हा आकडा पैशासह माहीत होता! तो त्याला कुणी दिला असेल, हे तुम्हीच ओळखा.

सगळेच पैसे खाणारे असतात असं मी म्हणणार नाही. गडहिंग्लजला एक फोटोग्राफर आहे, पाकिटाचे असे फोटो काढतो की बघून तोंडाला पाणी सुटावं, आणि दर आधी सांगतो. काजूवाल्या पोरानं इन्स्टाग्रामवर स्वतःच दिवसाला दोनशे रुपयांची जाहिरात आठ दिवस चालवून बघितली. १,६०० रुपयांत नऊ ऑर्डर आल्या. किलोमागे किती सुटलं ते त्याला सांगता येतं, आणि परवडत नाही वाटलं की बटण बंद करता येतं. थोडक्यात घालून बघण्याची सोय जिथं आहे तिथं पैसा घालायला हरकत नाही. वर्षाचे पैसे आधी मागणाऱ्याला आपल्या विक्रीशी काही देणंघेणं उरत नाही, त्याची कमाई पहिल्याच दिवशी झालेली असते. बचत गटांच्या मालासाठी सरकारचा ईसरस हा ऑनलाइन बाजार आहे, त्याची चौकशी पंचायत समितीतल्या उमेदच्या कक्षात फुकट होते.

इथं प्रशासनालाही एक गोष्ट विचारावीशी वाटते. गेल्या दोन-तीन वर्षांत ऑनलाइन विक्रीच्या किती तरी प्रशिक्षणांच्या बातम्या मी लिहिल्या. फोटो कसा काढायचा, लेबल कसं असावं, खातं कसं उघडायचं, सगळं शिकवतात. चहा-बिस्कीट, प्रमाणपत्र, फोटो. पण या सेवा कुणाकडून आणि कोणत्या दरात घ्यायच्या, करारात काय बघायचं, यावर अर्धा तास कुणी बोललेलं मला आठवत नाही. बियाणं-खताच्या दुकानात दरफलक लावायची सक्ती आहे. तसाच डोमेन, परवाने, नोंदण्या यांच्या सरकारी फीचा एक कागद पंचायत समितीच्या भिंतीवर लावायला काय खर्च येतो? शंभर रुपयांच्या नोंदणीला साडेचार हजार मागणारा त्या दिवसापासून अडचणीत येईल.

फोनवाल्यांबद्दलही कायदा आहे. जाहिरातीचे फोन १४० नं सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे असा ट्रायचा नियम. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला तर तो नियमाबाहेरचाच. १९०९ वर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्याची तक्रार करता येते, आणि २०२५ च्या बदलानंतर त्यासाठी तीन ऐवजी सात दिवस मिळतात. मी स्वतः आजवर सहा तक्रारी केल्या. फोन कमी झालेत, थांबलेले नाहीत.

काजूवाल्या पोराला मी कॉल सेंटरवाल्याचं वाक्य सांगितलं. तेव्हापासून तो प्रत्येकाला एकच उत्तर देतो: "सगळं मराठीत लिहून व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा, आणि आमच्या जिल्ह्यातल्या तुमच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर द्या." परवा त्याला विचारलं, किती जणांनी पाठवलं? म्हणाला, एकानं. तो बेळगावचा एक कुरिअरवाला होता, आणि त्याचा दर खरंच परवडणारा निघाला.

बचत गटाच्या बायकांनी जुन्या डोमेनचा नाद सोडला. नवं नाव आता वहिनींच्याच ईमेलवर घेतलंय. जुन्या पत्त्याची छापलेली चारशे लेबलं शिल्लक आहेत. दुपारी चटणी कांडून झाली की त्या ओळीनं बसून एकेका लेबलावर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवतात.